खताच्या खड्ड्यातील ऊब आणि युरियाच्या बादलीतील गारवा



डिसेंबर महिन्यात पुण्याचा पारा १०-१२ अंशांपर्यंत उतरतो. अशा पहाटे कोथरूडमधील एखाद्या सोसायटीच्या मागील अंगणात खताच्या हौदाचे झाकण काढले, तर आतून वाफ वर येताना दिसते. हौदात काय असते? भाजीची देठे, फळांच्या साली, उरलेले अन्न, झाडांची वाळलेली पाने. खाली जाळ नाही, वीज नाही, तरी आत हात घातला तर चटका बसतो. हीच ऊब आपल्या उकिरड्यात, कंपोस्टच्या ढिगात आणि ओल्या कडब्याच्या गंजीतही असते.

याउलट अनुभवही आपल्यापैकी अनेकांना आहे. फवारणीसाठी बादलीत युरिया विरघळवला की बादली गार पडते, बाहेरून घाम सुटल्यासारखे पाणी जमते. पाण्यात बर्फ टाकलेला नसतो. मग ही थंडी आली कोठून?

या दोन्ही प्रश्नांचे उत्तर एकच आहे. पदार्थांमध्ये रासायनिक बदल होताना उष्णता बाहेर पडते किंवा आत घेतली जाते. हे समजून घेतले तर खत लवकर व चांगले कुजते, ठिबकची गाळणी तुंबत नाही, बोर्डो मिश्रण नीट जमते. आणि आम्लाने डोळा जाणे, गंजीला आपोआप आग लागणे असे अपघात टळतात. म्हणून हा विषय थोड्या विस्ताराने पाहू.

उष्णता आणि तापमान यांतील फरक

आपण बोलताना या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच धरतो. प्रत्यक्षात त्यांत फरक आहे. तांब्याभर उकळते पाणी आणि हंडाभर कोमट पाणी घ्या. तांब्यातील पाण्याचे तापमान जास्त आहे. पण थंडीत अंघोळ हंड्यातील पाण्यानेच होईल, कारण त्यात एकूण उष्णता जास्त साठलेली आहे. उष्णता म्हणजे साठा, तर तापमान म्हणजे त्या साठ्याची पातळी. विहिरीत दहा बादल्या पाणी ओतले तर पातळी जाणवण्याइतकी वाढत नाही, पण तेच पाणी टाकीत ओतले तर टाकी भरून वाहते. उष्णतेचेही तसेच आहे.

१ लिटर पाण्याचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढविण्यास जेवढी उष्णता लागते, तिला १ किलोकॅलरी म्हणतात. हे माप लक्षात ठेवले की हिशोब सोपा होतो. क्रियेतून किती किलोकॅलरी निघाल्या त्या आकड्याला पाण्याच्या लिटरने भागा. तापमान साधारण तितके अंश वाढेल. क्रियेने उष्णता ओढून घेतली असेल तर तितके अंश उतरेल. पाण्याशिवाय इतर पदार्थ तापायला कमी उष्णता लागते. कोरडी माती किंवा लोखंड तेवढ्याच उष्णतेने पाण्यापेक्षा कितीतरी जास्त तापते. त्यामुळे ज्या ढिगात पाणी कमी, तो लवकर तापतो आणि लवकर थंडही होतो.

ज्या क्रियेत उष्णता बाहेर पडते तिला उष्मादायी क्रिया म्हणतात आणि ज्या क्रियेत ती शोषली जाते तिला उष्माग्राही क्रिया म्हणतात. प्रत्येक पदार्थाचे कण एकमेकांना धरून असतात. ही पकड सोडविण्यास उष्णता खर्च होते, आणि नवी पकड बसताना उष्णता मिळते. मिळकत खर्चापेक्षा जास्त असेल तर भांडे तापते. खर्च जास्त असेल तर तो आजूबाजूच्या पाण्यातून भागविला जातो आणि भांडे गार पडते.

घरी करून पाहा

एका भांड्यात पाव लिटरपेक्षा थोडे कमी, म्हणजे २०० मि.लि. पाणी घ्या व साध्या तापमापीने त्याचे तापमान नोंदवा. त्यात ५० ग्रॅम युरिया टाकून ढवळा. दोन-तीन मिनिटांत तापमान सुमारे १० अंशांनी उतरलेले दिसेल. दुसऱ्या भांड्यात १ लिटर पाणी घेऊन त्यात ताज्या चुनकळीचे ५० ग्रॅम खडे हळूहळू टाका. येथे तापमान १० अंशांच्या पुढे वाढलेले दिसेल. चुनकळी जुनी असेल, हवेतील ओल पिऊन तिची भुकटी झाली असेल, तर वाढ कमी मिळेल, कारण तिची उष्णता आधीच निघून गेलेली असते. दुसरा प्रयोग मोठ्यांनीच करावा, डोळ्यांवर चष्मा असावा आणि तोंड भांड्यावर आणू नये.

कळीचा चुना आणि बोर्डो मिश्रण

१ किलो शुद्ध चुनकळी पूर्ण विरताना सुमारे २७५ किलोकॅलरी उष्णता बाहेर पडते. आता वरचा हिशोब लावून पाहा. हा चुना १०० लिटर पाण्यात विरवला तर पाणी तीन अंशांपेक्षाही कमी तापेल. १० लिटर पाण्यात विरवला तर सुमारे २७ अंशांनी तापेल. आणि ३ लिटर पाण्यात विरवला तर? विहिरीचे २५ अंशांचे पाणी उकळू लागेल व चुना उसळून अंगावर उडेल. चुना तोच, उष्णताही तीच. पाण्याचे प्रमाण बदलल्यामुळे परिणाम बदलला.

बोर्डो मिश्रण १८८५ मध्ये फ्रान्समध्ये मिलार्दे या शास्त्रज्ञाने द्राक्षावरील केवडा रोगासाठी पुढे आणले. आज आपल्याकडे नाशिकच्या द्राक्षबागांपासून कोकणातील सुपारीच्या बागांपर्यंत ते वापरले जाते. एक टक्क्याचे १०० लिटर मिश्रण करण्यासाठी १ किलो मोरचूद व १ किलो चुनकळी लागते. त्यात पुढील काळजी घ्यावी.

१) चुनकळी थोड्या पाण्यात विरवावी, पण पाणी एकदम न ओतता थोडे थोडे घालावे. चुना पूर्ण विरल्यावर ५० लिटरपर्यंत पाणी वाढवून ते थंड होऊ द्यावे व गाळून घ्यावे.

२) मोरचूद वेगळ्या प्लॅस्टिकच्या किंवा मातीच्या भांड्यात ५० लिटर पाण्यात विरघळवावे. लोखंडी किंवा जस्ताचे भांडे वापरू नये. त्यातील धातू विरघळतो आणि तांबे भांड्यावर बसते.

३) दोन्ही द्रावणे थंड झाल्यावरच एकत्र करावीत. गरम चुन्यात मोरचूद मिसळल्यास साका जाड होतो, तो लवकर तळाशी बसतो, पानावर नीट चिकटत नाही आणि पंपाचे नोझल तुंबते. घाई करून वाचविलेला अर्धा तास फवारणी वाया घालवितो.

४) मिश्रणात स्वच्छ घासलेले विळ्याचे पाते बुडवून पाहावे. पात्यावर तांबूस थर आला तर चुना कमी पडला आहे असे समजून आणखी चुन्याची निवळी घालावी.

आणखी एक धोका ध्यानात ठेवा. चुनकळीची पोती कडब्याशेजारी, गोणपाटावर किंवा गळक्या छपराखाली ठेवू नयेत. पावसाचे पाणी मोजकेच पडले तर उष्णता वाटून घ्यायला पाणी पुरत नाही. तापमान एवढे चढते की लागून असलेला कडबा पेट घेऊ शकतो. चुना डोळ्यात गेल्यास कोरडे कण आधी हलक्या हाताने झटकावेत, मग वाहत्या स्वच्छ पाण्याने निदान १५ ते २० मिनिटे डोळा धुवावा व लगेच डॉक्टरांकडे जावे. चुना उष्णतेने भाजतोच, शिवाय तो तीव्र क्षार असल्यामुळे डोळ्याच्या पडद्याला आतपर्यंत इजा करतो.

ठिबकसाठी आम्ल: आधी पाणी, मग आम्ल

ठिबकच्या नळ्यांमध्ये क्षार साचले की आम्ल प्रक्रिया करावी लागते. त्यासाठी गंधकाम्ल किंवा हायड्रोक्लोरिक आम्ल वापरले जाते. तीव्र गंधकाम्ल पाण्यात मिसळताना फार मोठी उष्णता बाहेर पडते. १ लिटर तीव्र गंधकाम्लाचे वजन १.८ किलोपेक्षा जास्त असते आणि ते भरपूर पाण्यात मिसळले तर ४०० किलोकॅलरींहून अधिक उष्णता निघते. १०० लिटर पाण्यात ही उष्णता सहज जिरते. पाणी जेमतेम ४ अंशांनी तापते.

पण कोणी घाईत आम्लाच्या कॅनमध्येच पाणी ओतले तर काय होईल? पाणी आम्लापेक्षा हलके, म्हणून ते वरच तरंगते. जेथे दोन्ही भेटतात त्या पातळ थरात सगळी उष्णता कोंडते. पाणी क्षणात उकळते आणि वाफेबरोबर आम्लाचे शिंतोडे तोंडावर व डोळ्यांवर उडतात. अशा एका क्षणाच्या चुकीने माणसाची दृष्टी जाऊ शकते. म्हणून हे घरातील सर्वांना, मजुरांना आणि पंप चालविणाऱ्या मुलालाही सांगून ठेवा: आम्ल नेहमी पाण्यात ओतावे, पाणी कधीही आम्लात ओतू नये. आम्ल बारीक धारेने ओतावे, लाकडी काठीने ढवळत राहावे, हातात रबरी मोजे व डोळ्यांवर चष्मा घालावा, आणि शेजारी स्वच्छ पाण्याची भरलेली बादली ठेवावी.

शेवाळ मारण्यासाठी ठिबकमध्ये क्लोरीन प्रक्रियाही करतात. आम्ल आणि ब्लिचिंग पावडर एकाच भांड्यात कधीही एकत्र करू नये. त्यातून क्लोरीन हा विषारी वायू बाहेर पडतो. दोन्ही प्रक्रिया वेगवेगळ्या वेळी कराव्यात आणि मध्ये संच साध्या पाण्याने धुऊन घ्यावा.

खत विरघळते तेव्हा पाणी का गार पडते?

खते पाण्यात विरघळणे हा काटेकोर अर्थाने रासायनिक बदल नव्हे, पण उष्णतेचा हिशोब तोच लागू पडतो. खताच्या दाण्यातील कणांची पकड सोडविण्यास लागणारी उष्णता पाण्याकडून घेतली जाते. १ किलो युरिया विरघळताना सुमारे ६० किलोकॅलरी, पांढरे पोटॅश (म्युरेट ऑफ पोटॅश) सुमारे ५५ किलोकॅलरी, आणि १३:०:४५ म्हणजे पोटॅशियम नायट्रेट सुमारे ८० किलोकॅलरी ओढून घेते.

२ टक्के युरियाच्या फवारणीत, म्हणजे १०० लिटर पाण्यात २ किलो युरियाला, पाणी फक्त एक-सव्वा अंशाने गार होते. त्याने पिकाला काही बाधा होत नाही. अडचण येते ती घट्ट द्रावणात. समजा जानेवारीच्या पहाटे टाकीतील पाणी १५ अंशांवर आहे आणि आपण ५ लिटर पाण्यात १ किलो १३:०:४५ टाकले. विरघळता विरघळता पाणी १० अंशांच्या बरेच खाली जाईल. पोटॅशियम नायट्रेटची विद्राव्यता तापमानावर फार अवलंबून असते. २० अंशांना १ लिटर पाण्यात ते ३०० ग्रॅमच्या आसपास विरघळते, १० अंशांना २०० ग्रॅमच्या आसपास, आणि शून्य अंशाला जेमतेम १३० ग्रॅम. म्हणजे खत स्वतःच पाणी गार करते आणि गार पाण्यात स्वतःच विरघळायचे थांबते. तळाशी उरलेल्या खड्यांना शेतकरी भेसळ समजतो, दुकानदाराशी वाद घालतो किंवा ते खडे तसेच व्हेंच्युरीत ढकलतो आणि गाळणी तुंबते. पुष्कळ वेळा खत चांगलेच असते, पाणी थंड असते.

उपाय सोपा आहे. हिवाळ्यात १ किलो खताला निदान १० लिटर पाणी घ्यावे. टाकी सकाळी उन्हात तापू द्यावी किंवा दुपारच्या वेळी द्रावण करावे. खत थोडे थोडे टाकून ढवळावे व अर्धा तास थांबावे. हवेतील ऊब पाणी परत वर आणते आणि उरलेले खडे विरघळतात. दोन-तीन खते एकत्र द्यायची असतील तर एक पूर्ण विरघळल्यावर दुसरे टाकावे.

कंपोस्टचा ढीग: मंद चूल

आता पुन्हा कोथरूडच्या हौदाकडे वळू. चुलीत लाकूड जळते तेव्हा लाकडातील कार्बन व हायड्रोजन यांचा हवेतील प्राणवायूशी संयोग होतो. कार्बन डायऑक्साइड व पाण्याची वाफ तयार होते आणि उष्णता बाहेर पडते. कंपोस्टच्या ढिगात जिवाणू व बुरशी पालापाचोळा खातात तेव्हा शेवटी हीच क्रिया होते. चूल हे काम तासाभरात उरकते, जिवाणूंना त्यासाठी काही आठवडे लागतात. निघणारी एकूण उष्णता मात्र सारखीच असते. शर्करेसारख्या १ किलो कोरड्या पदार्थाच्या पूर्ण ऑक्सिडीकरणातून सुमारे ३,७०० किलोकॅलरी मिळतात. ढिगात १०० किलो कोरडा पदार्थ असेल आणि त्यातील ४० किलो कुजून गेला, तर जवळजवळ दीड लाख किलोकॅलरी उष्णता निघाली. ४० किलो सरपण जाळल्याइतकी ही उष्णता आहे.

एवढी उष्णता निघूनही ढीग पेटत का नाही? एक तर ती सावकाश निघते. दुसरे म्हणजे ती सतत बाहेर जात असते. सर्वांत मोठी वाट पाण्याच्या वाफेची आहे. १ लिटर पाण्याची वाफ होण्यास सुमारे ५४० किलोकॅलरी लागतात. वरील दीड लाख किलोकॅलरी २५० लिटर पाणी उडवू शकतात. म्हणूनच पाऊस नसताना ढीग आतून कोरडा पडतो आणि त्यावर पुन्हा पुन्हा पाणी शिंपडावे लागते. पहाटे दिसणारी वाफ म्हणजे ढिगाचा घामच होय.

ढिगाचे तापमान म्हणजे आत निर्माण होणारी उष्णता आणि बाहेर जाणारी उष्णता यांच्यातील तोल. ढीग लहान असेल तर उष्णता टिकत नाही. एक मीटर लांब, रुंद व उंच ढिगाचे आकारमान १ घनमीटर असते व त्याचा पृष्ठभाग ६ चौरस मीटर. दोन मीटरच्या ढिगाचे आकारमान ८ घनमीटर, पण पृष्ठभाग २४ चौरस मीटर. म्हणजे दर घनमीटरमागे उष्णता निसटण्याची जागा निम्मी झाली. यावरून बाल्कनीतील कुंडीत केलेले खत फारसे तापत नाही, पण सोसायटीच्या मोठ्या हौदातून वाफा निघतात हे समजते. शेतावर निदान १ घनमीटरचा ढीग करावा, तरच तो नीट तापतो.

ढीग का तापवावा?

चांगल्या रचलेल्या ढिगाचे तापमान दोन ते चार दिवसांत ५५ ते ६५ अंशांपर्यंत चढते. ही ऊब आपली चाकरी करते. ५५ अंशांवर सलग काही दिवस तापलेल्या ढिगात बहुतेक रोगकारक जंतू मरतात. तापमान ६० अंशांच्या पुढे गेले की बहुतेक तणांचे बी निकामी होते. न तापलेले शेणखत शेतात घालणे म्हणजे स्वतःच्या हाताने तण पेरणे आणि हुमणीला आमंत्रण देणे होय. आपण 'खत गरम पडले' असे म्हणतो तेही अनुभवाचे बोल आहेत. कच्चे खत मुळांजवळ कुजू लागते, तेथील प्राणवायू व नत्र जिवाणू वापरून टाकतात आणि रोप पिवळे पडते.

मात्र तापमान ७० अंशांच्या वर गेले तर उपयोगी जिवाणूही मरू लागतात आणि नत्र अमोनियाच्या रूपाने हवेत उडून जाते. ढिगाजवळ डोळ्यांना झोंबणारा वास आला तर आपल्या पिकाचे नत्र उडून चालले आहे असे समजावे. अशा वेळी ढीग चाळून पाणी द्यावे आणि वाळलेला पाला, भुसा किंवा उसाचे पाचट मिसळावे.

तापमापी नसली तरी अडत नाही. लोखंडी गज ढिगाच्या मध्यापर्यंत खुपसून दहा मिनिटे ठेवावा. बाहेर काढून हात लावल्यावर तो धरवत नसेल तर ढीग चांगला तापला आहे. नुसता कोमट लागला तर पुढीलपैकी काहीतरी कमी आहे.

पाणी: मूठभर माल घट्ट पिळल्यास एक-दोन थेंब पडावेत. धार लागली तर पाणी जास्त आहे, मूठ उघडताच माल विस्कटला तर कमी आहे. ओलावा ५० ते ६० टक्के असावा.

हवा: माल दाबून बसला असेल तर ढीग चाळावा.

नत्र: नुसते पाचट, काडी असेल तर शेणकाला, हिरवा पाला किंवा थोडा युरिया घालावा. कर्ब व नत्र यांचे प्रमाण २५ ते ३० भागांस १ असे असावे.

या विषयाचा पाया आपल्याच देशात घातला गेला. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथे काम करून ढीग रचण्याची व चाळण्याची पद्धत बसविली. त्यांचे सहकारी यशवंत वाड यांच्यासह त्यांनी १९३१ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केले, आणि 'इंदूर पद्धत' जगभर गेली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांनी विटांच्या जाळीदार टाकीची पद्धत रूढ केली. त्यांच्या नावाच्या आद्याक्षरांवरून तिला 'नाडेप' म्हणतात. भिंतीतील भोकांतून हवा खेळते, त्यामुळे ढीग चाळण्याची मेहनत वाचते.

गांडूळ खत करणाऱ्यांसाठी

कोथरूडच्या गच्चीवर असो की मुळशीच्या गोठ्यामागे, गांडूळ खताच्या सुरुवातीला एक चूक हमखास होते. ताज्या शेणाचा व ओल्या कचऱ्याचा थर रचला जातो आणि त्याच दिवशी गांडुळे सोडली जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी थर तापतो. गांडुळांना २० ते ३० अंश तापमान मानवते. ३५ अंशांच्या वर ती पळू लागतात किंवा मरतात. मग गांडुळे वाईट निघाली असे म्हटले जाते. खरे तर आपण त्यांना तव्यावर सोडलेले असते. माल आधी १५ ते २० दिवस कुजू द्यावा, मधून चाळून पाणी द्यावे, हाताला गार लागल्यावरच गांडुळे सोडावीत. नंतर नवा माल पातळ थरांनी घालावा, म्हणजे तो पुन्हा तापत नाही.

गोबर गॅसची टाकी का तापत नाही?

कंपोस्टचा ढीग ६० अंशांवर जातो, मग तेच शेण घातलेली गोबर गॅसची टाकी थंड का राहते? कारण टाकीत हवा नसते. तेथील जिवाणू प्राणवायूशिवाय काम करतात आणि शेणापासून मिथेन तयार करतात. या क्रियेत पदार्थातील उष्णतेच्या सुमारे वीस भागांपैकी एकच भाग बाहेर पडतो. बाकीची गेली कोठे? ती नाहीशी झालेली नाही, ती मिथेनमध्ये साठून आहे. शेगडीवर गॅस पेटविला की ती स्वयंपाकघरात मिळते. वाट कोणतीही धरली तरी एकूण उष्णतेची बेरीज तेवढीच राहते, हा निसर्गाचा पक्का नियम आहे. कंपोस्टमध्ये ती ढिगात खर्च होते, गोबर गॅसमध्ये ती चुलीसाठी राखली जाते.

या टाकीला स्वतःची ऊब फारशी नसल्यामुळे हिवाळ्यात गॅस कमी मिळतो. तेथील जिवाणूंना ३५ अंशांच्या आसपासचे तापमान मानवते, १५ अंशांखाली त्यांचे काम फार मंदावते. म्हणून हिवाळ्यात शेणकाला उन्हात तापलेल्या पाण्यात कालवावा, दुपारी टाकीत सोडावा आणि टाकीभोवती पाचट किंवा भुसा रचावा. टाकीच्या कडेने कंपोस्टचा ढीग घातला तर त्याची फुकट जाणारी ऊब टाकीला मिळते. पुण्यातील 'आरती' या संस्थेने डॉ. आनंद कर्वे यांच्या मार्गदर्शनाखाली स्वयंपाकघरातील खरकट्यावर चालणारा छोटा बायोगॅस संच विकसित केला. त्यासाठी संस्थेला २००६ मध्ये अ‍ॅशडेन पुरस्कार मिळाला. शहरातील ओल्या कचऱ्यासाठीही हा मार्ग खुला आहे.

ऊब आग होते तेव्हा

बहुतेक रासायनिक क्रियांचा वेग तापमान १० अंशांनी वाढले की साधारण दुप्पट होतो. उष्मादायी क्रियेत याचा अर्थ नीट समजून घ्या. ढीग तापला की क्रिया वाढते, क्रिया वाढली की ढीग आणखी तापतो. वाफेची वाट मोकळी असेल तर तोल राहतो. ती बंद झाली तर हे चक्र आवरत नाही.

ओला कडबा, ओली वैरण किंवा सोयाबीनचे ओले भुसकट दाबून रचले की नेमके हेच होते. सुरुवातीस जिवाणू ७० अंशांपर्यंत तापमान नेतात आणि स्वतः मरतात. पण तोपर्यंत तापलेल्या मालाचा हवेतील प्राणवायूशी सरळ संयोग सुरू झालेला असतो. त्याला जिवाणूंची गरज नसते. काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी गंजी आतून काळी पडते आणि एके दिवशी पेट घेते. अशा वेळी कोणावर तरी संशय घेऊन गावात वैर पेटते, खरा चोर मात्र ओलावा असतो.

शहराच्या कचऱ्याचेही असेच होते. कोथरूडच्या पौड रस्त्यालगत पूर्वी पुण्याचा कचरा डेपो होता. तो बंद झाला आणि आज त्या जागेवर पुणे मेट्रोचा डेपो उभा आहे. ६ मार्च २०२२ रोजी वनाज ते गरवारे कॉलेज हा मार्ग सुरू झाला. पण कोथरूडचा डेपो गेला म्हणून कचरा गेला नाही. तो उरुळी देवाची व फुरसुंगी या शेतकऱ्यांच्या गावांकडे गेला. तेथील डेपोला एप्रिल २०१७ मध्ये आग लागली आणि धुराने हैराण झालेल्या गावकऱ्यांनी कचऱ्याच्या गाड्या अडविल्या. अशा डोंगराच्या आत ओल्या कचऱ्याची ऊब कोंडते, हवा नसलेल्या भागात मिथेन साठतो आणि वर प्लॅस्टिक व कागद पसरलेला असतो. पेटायला आणखी काय हवे? तोच ओला कचरा घराजवळ वेगळा करून लहान हौदात, हवा व पाणी देऊन कुजविला तर त्याचे खत होते. एकाच क्रियेचे हे दोन शेवट आहेत. कोणता शेवट व्हायचा ते रचणाऱ्याच्या हातात असते.

वैरणीसाठी पुढील काळजी घ्यावी. कडबा व भुसकट चांगले वाळवूनच रचावे, ओलावा १५ ते २० टक्क्यांच्या वर नसावा. गंजी जमिनीपासून उंच करावी व वरून पाणी मुरू देऊ नये. पहिले तीन-चार आठवडे अधूनमधून गज खुपसून पाहावा. जळकट गोड वास आला किंवा गज धरवेनासा झाला तर गंजी एकदम उपसू नये, कारण आत ताजी हवा शिरताच ज्वाला उठू शकते. आधी पाण्याचा पंप व माणसे तयार ठेवावीत, जनावरे दूर बांधावीत, मग बाहेरून थोडी थोडी गंजी मोकळी करावी. गंजीवर कोणी चढू नये, आत पोकळी झालेली असू शकते.

थोडक्यात लक्षात ठेवा

• उष्णता किती निघाली यापेक्षा ती किती पाण्यात वाटली गेली आणि किती वेगाने निघाली, यावर तापमान ठरते.
• आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात नको.
• चुन्याचे व मोरचुदाचे द्रावण थंड झाल्यावरच एकत्र करा.
• हिवाळ्यात विद्राव्य खताला जास्त पाणी व जास्त वेळ द्या.
• कंपोस्ट तापू द्या, पण ७० अंशांच्या खाली ठेवा. गांडुळे माल थंड झाल्यावरच सोडा.
• वैरण वाळवूनच रचा.

आपल्या उकिरड्यात उद्या सकाळी एक गज खुपसून पाहा. तो कोमट लागतो, गरम लागतो की थंड, यावरून आपले खत कोणत्या वाटेवर आहे ते तो गजच सांगेल.